चकलीच्या पुढचं पान

चंद्रशेखर सबनीस कागदावर सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे, कागद डायनिंग टेबलावर ठेवायचे, आणि सुहासिनी ओले हात पदराला पुसून त्या फुलीवर सही करायची. पंधरा वर्षं हेच चाललं होतं. टॅक्सचे कागद, घराचे कागद, मुलीच्या शाळेचे कागद. वाचायचं काय त्यात? ह्यांनी वाचलंच असणार! साताऱ्याहून येऊन अमेरिकेत एवढा इंजिनिअर झालेला माणूस न वाचता कशाला सही करेल? पण इथेच तर घोडं पेंड खात होतं. हा गृहस्थ यंत्रांची मॅन्युअलं सोडली तर काहीएक वाचत नव्हता, आणि गोऱ्या माणसानं दारात येऊन काही मागितलं की ह्याच्या तोंडून 'नाही' म्हणून निघत नव्हतं.

१९८६ च्या ऑक्टोबरात ते उघडं पडलं.

नेपरव्हिलच्या पलीकडे, मक्याची शेतं मोडून वसवलेल्या विलो क्रॉसिंग नावाच्या गावात सबनिसांचं घर होतं. एका रविवारी शेजारच्या मिसेस हॉफमन भोपळ्याचा ब्रेड घेऊन आल्या. आठ वर्षांच्या शेजारात बाई पहिल्यांदा आत येऊन सोफ्यावर टेकल्या. चंद्रशेखरना आभाळ ठेंगणं झालं. बाईंचं काम असं, की शाळेच्या लायब्ररीत एक कादंबरी आहे, वाळवंटात भटकणाऱ्या टोळीत वाढणाऱ्या एका मुलीची. तिच्यात एकशे बाराव्या पानावर मुलींच्या शरीराबद्दल नको ते लिहिलंय. ते पुस्तक काढून टाकावं म्हणून पालकांचा अर्ज तयार झालाय.

"आणि तुम्ही तर त्याच भागातले," बाई गोड हसून म्हणाल्या. "तुमच्या सहीला वजन येईल."

त्याच भागातले! चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुहासिनीला हसावं की रडावं कळेना. अहो, साताऱ्याच्या माणसानं उंट पाहिला तो सर्कशीत आणि वाळू पाहिली ती बांधकामावर! पण चंद्रशेखरनी गंभीर चेहरा करून मान डोलावली, "आमच्या संस्कृतीत हे अजिबात बसत नाही," असं इंग्रजीत म्हणाले आणि दिली ठोकून सही. खाली बायकोसाठी फुलीही मारली. सुहासिनीनं ट्रे ठेवून पेन हातात घेतलं, आणि तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. ती पळाली. गॅस पुसून परत आली तोवर मिसेस हॉफमन कागद घेऊन गेल्यासुद्धा होत्या. तिची सही राहिली ती अशी, दुधामुळे.

पद्मिनीला हे जेवताना कळलं. पद्मिनी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, वय तेरा, आठवीत, दातांना तारा आणि जिभेला धार. घरात मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

"बाबा, डिड यू रीड इट?"

"एवढा वेळ कुणाला आहे? चार सज्जन माणसं सांगतायत..."

"त्यांनीपण नाही वाचलं! नोबडी रेड इट!" रागाच्या भरात तिला मराठीही येऊ लागलं. "ते माझं पुस्तक आहे. आय मीन, लायब्ररीचं आहे, बट इट्स माइन."

"मोठ्यांशी ह्या आवाजात बोलायचं नाही."

पद्मिनीनं आईकडे पाहिलं. आई काहीतरी बोलेल म्हणून चांगली दोन मिनिटं पाहिलं. सुहासिनी आमटी वाढू का म्हणाली. पोर ताट तसंच टाकून वर निघून गेली.

सोमवारी सकाळी चंद्रशेखर शिकागोच्या गाडीला गेले, पद्मिनी शाळेच्या बसला, आणि पोरीचं अंथरूण आवरताना उशीखाली ते पुस्तक सुहासिनीच्या हाताला लागलं. कोपरे मऊ झालेलं, कव्हरवर एक मुलगी पाठमोरी चाललेली. मागच्या पानावर खिशात कार्ड होतं. पुस्तक कुणी नेलं त्याची नावं असायची त्यावर तेव्हा. सुहासिनीनं सहज पाहिलं. पी. सबनीस. पी. सबनीस. पी. सबनीस. मध्ये दोन कुणी परकी नावं, की पुन्हा पी. सबनीस. अकरा वेळा! दोन वर्षांत पोरीनं एकच पुस्तक अकरा वेळा आणलं आणि आईला पत्ता नाही. ती तिथंच पलंगाच्या कडेला बसली आणि वाचायला लागली.

नागपुरात बी.ए. होईपर्यंत ती वाचायची. मग लग्न, अमेरिका, बर्फ, पोर. इंग्रजी वाचायचं म्हणजे कॉलेजातली जुनी डिक्शनरी लागायची. ती शेजारी घेतली, आणि आपली वहीसुद्धा. ही वही नागपूरहून आलेली, दोनशे पानी. लग्न ठरल्यावर आईकडून, मावशीकडून, शेजारच्या काकूंकडून एकेक प्रकार तिनं त्यात उतरवून घेतला होता. अनारसे, गोळाभात, वडाभात, मंगळागौरीची गाणी, बाळंतिणीचे लाडू. आवडलं ते उतरवून ठेवायचं, ही तिच्या हाताची सवय. अडलेले शब्द ती त्या वहीच्या कडेला लिहीत गेली.

कादंबरीतल्या मुलीचं नाव झैना. घर नाही, दार नाही. शेळ्या, उंट, काळे तंबू आणि विहिरीमागून विहीर. आजोबा रात्रीचे तारे शिकवायचे ते भावाला. झैना तंबूच्या मागे पडून चोरून शिकायची. सुहासिनी दोन दिवस भात लावायला विसरत होती. बुधवारी दुपारी ती एकशे बाराव्या पानावर आली.

तिला वाटलं होतं, काहीतरी घाणेरडं असेल. होतं काय? झैनाला पहिल्यांदा पाळी येते. ती घाबरते, उंटाच्या आड लपते. मग तिची आई पुढे जाते, आणि हात वर करून सगळा काफिला थांबवते. त्या टोळीची रीतच असते तशी. मुलगी मोठी झाली की एक दिवस कुणी पुढं जायचं नाही, पाणी कमी असलं तरी. आणि जिथं काफिला थांबला त्या जागेला त्या मुलीचं नाव. पुढे शंभर वर्षांनी कुणी तिथून जाईल तेव्हाही म्हणेल, ही झैनाची टेकडी. मग आई तिला तंबूत घेऊन बसते आणि शरीरात काय होतं, का होतं, दुखलं तर काय करायचं, कशाला भ्यायचं आणि कशाला मुळीच भ्यायचं नाही, ते सगळं सांगते. साध्या शब्दांत. एक पान भरून.

सुहासिनीनं पुस्तक मिटलं. तिला लाज वाटली. अशी लाज की घरात कुणी नसताना तिनं पदर तोंडाला लावला.

तिला आठवली ती दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी. सहावीतल्या मुलींना शाळेत ह्याच विषयाची फिल्म दाखवणार होते, पालकांची परवानगी हवी होती. चंद्रशेखर म्हणाले होते, असल्या फिल्मला आमची मुलगी नको. 'नाही'च्या चौकोनापुढे पेन्सिलीची फुली होती आणि सुहासिनीनं त्या फुलीवर सही केली होती. आणि पुढच्या हिवाळ्यात पोरीला पाळी आली, तेव्हा आईनं काय केलं? बाथरूमच्या दारातून पाकीट आत सरकवलं आणि म्हणाली, "आता चार दिवस देवाजवळ जाऊ नकोस." बस. सहा शब्द. त्या बाईला घर नाही, शाळा नाही, प्यायला पाणी नाही, ती पोरीसाठी पान भरून बोलली. आणि ही चार बेडरूमच्या घरात राहणारी बी.ए.!

तिनं वही ओढली. चकलीच्या भाजणीचं प्रमाण जिथं संपत होतं तिथून पुढचं पान कोरं होतं. अख्खं एकशे बारावं पान तिनं मराठीत उतरवून काढलं. हात दुखला तरी थांबली नाही.

पद्मिनी शाळेतून आली तेव्हा आई पुस्तक मांडीवर घेऊनच बसली होती. पोर दारातच थबकली, आता भांडण होणार म्हणून तयारीत.

"फिल्मच्या दिवशी तू कुठे बसलीस?" सुहासिनीनं विचारलं.

"लायब्ररीत. मी एकटीच. एव्हरीवन न्यू व्हाय." पद्मिनी दप्तर न काढताच बोलत होती. "लायब्रेरियननं मला हे दिलं. म्हणाली, मे बी पेज वन ट्वेल्व्ह. म्हणून मग... जेव्हा झालं ना, तेव्हा मला माहीत होतं."

"मला का नाही विचारलंस?"

"आई." पद्मिनीचा आवाज एकदम लहान झाला. "तू पाकीट देऊन दार लावून घेतलंस."

सुहासिनीनं पोरीला जवळ ओढलं, दप्तरासकट. चुकलं माझं, म्हणाली. पंधरा वर्षांत ह्या घरात हे वाक्य कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

मग पद्मिनीनं दप्तरातून एक फॉर्म काढला. उद्या, गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या बोर्डाची सभा होती आणि पुस्तकाचा निकाल तिथंच लागणार होता. लायब्ररीत एकच प्रत होती, ती गेली की गेली. विद्यार्थ्याला बोलायचं असेल तर एका पालकाची सही हवी. "मला ते पान वाचून दाखवायचंय. बाबा तर नाहीच देणार. तू?"

सुहासिनीनं फॉर्म वाचला. दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरांसकट. पेन्सिलीची फुली नव्हती, त्यामुळे सहीची जागा तिला शोधावी लागली. ती सापडल्यावर तिनं ठसठशीत सही केली, पूर्ण नावाची.

पण म्हणतात ना, आपण एक योजावं! गुरुवारी सकाळी शाळेचं पत्र हातात घेऊन चंद्रशेखर खाली आले. निकाल लागेपर्यंत प्रत शाळेकडे जमा करावी, असं पत्र. "पुस्तक पोरीच्या खोलीत सापडलं, मी स्टेशनला जाताना देऊन आलोसुद्धा," त्यांनी दुपारी ऑफिसातून फोनवर सांगितलं. "नियम म्हणजे नियम. उगीच आपलं नाव खराब नको." सुहासिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पद्मिनी घरी आल्याबरोबर उशीखाली हात घालून रडायलाच लागली. आता वाचणार कशातून?

"डोळे पूस," सुहासिनी म्हणाली. "आणि तयार हो." तिनं हिरवी इरकली नेसली, वर कोट घातला, आणि वही पर्समध्ये मावेना म्हणून काखेत मारली.

शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये सभा होती. पुढे लांब टेबलामागे बोर्डाचे सात जण, समोर घडीच्या खुर्च्यांवर गाव. चंद्रशेखर स्टेशनवरून परस्पर आले होते आणि मिसेस हॉफमननी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरली होती. बायको-मुलीला पाहून ते दचकले, पण सगळ्यांसमोर काय बोलणार? मायलेकी त्यांच्या शेजारीच जाऊन बसल्या.

पद्मिनीचं नाव पुकारलं. पोर उठली, माइकपाशी गेली. अध्यक्ष म्हणजे टक्कल पडलेला एक सभ्य माणूस. त्यानं कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "मिस सबनीस, तुमच्या वडिलांची अर्जावर सही आहे. तुमच्या कुटुंबाचं मत आमच्याकडे नोंदलं गेलंय. थँक यू. पुढचं नाव."

पोर तिथंच उभी. मान खाली. मागे कुणीतरी हसलं.

आणि सुहासिनी उठली. चंद्रशेखरनी तिच्या कोटाची बाही धरली. "सुहास, खाली बस. लोक बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली आणि बाही सोडवून घेतली.

माइक तिच्या उंचीला उंच होता. पद्मिनीनं तो खाली केला. "मी सुहासिनी सबनीस," ती तिच्या नागपुरी इंग्रजीत म्हणाली. "त्या अर्जावर माझी सही नाही. बघा. फुली असेल, सही नाही. म्हणजे आमच्या घराचं मत अर्धं राहिलंय. ते मी आता देते."

अध्यक्षानं कागद पाहिला. फुली होती, सही नव्हती. "तीन मिनिटं," तो म्हणाला.

तिनं वही उघडली. तिसऱ्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं, ते काय आहे. "माझी रेसिपीची वही," ती म्हणाली. "पुस्तक तुम्ही काढून घेतलंत. ही माझी आहे." आणि चकलीच्या पुढचं पान काढून, मनातल्या मनात मराठीचं इंग्रजी करत, ती वाचायला लागली. अडखळत होती. एका शब्दाला थांबली तर पद्मिनीनं तो सांगितला. झैना उंटाच्या आड लपली. आईनं हात वर केला. काफिला थांबला. मग ते साधे शब्द आले, एकामागून एक, पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये, आणि सुहासिनीचे कान तापले, गाल तापले, पण एकही शब्द तिनं गाळला नाही. वेळ संपल्याची घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाला, मॅडम. मिसेस हॉफमन म्हणाल्या, इथं मुलं बसली आहेत!

"हो ना," सुहासिनी म्हणाली. "माझीपण आहे. मी तिला हे सांगितलं नाही. तुमच्या लायब्ररीतल्या पुस्तकानं सांगितलं. आता हे पुस्तक काढलंत, की माझ्यासारख्या आईची पुढची मुलगी काय करेल, ते मला सांगा. आणि ह्या अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी पुस्तक कुणी वाचलंय, तेवढे हात वर करा."

हॉलमध्ये एकही हात वर झाला नाही. सुहासिनीनं सगळ्यात शेवटी पाहिलं ते पहिल्या रांगेतल्या आपल्या नवऱ्याकडे. चंद्रशेखर सबनीस आपल्या बुटांकडे बघत होते.

तुम्हाला वाटेल, जिंकली. कसली जिंकतेय! मतं पडली पाच विरुद्ध दोन, आणि पुस्तक गेलं. लायब्रेरियन बाईंनी जाता जाता सुहासिनीचा हात घट्ट दाबला, तेवढंच. गाडीत चंद्रशेखर म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही आधी वाचायचं होतं," सुहासिनी म्हणाली.

त्या वर्षी मंडळाचा दसरा सबनिसांकडे होता. दसरा मधल्या वारी आला तरी अमेरिकेत तो शनिवारीच यायचा. नेपरव्हिलची, अरोऱ्याची मिळून पंचवीस-तीस माणसं जमली. आपट्याच्या पानांऐवजी मेपलची पिवळी पानं टोपलीत रचली होती. पाटावर पाटी, पाटीवर खडूनं काढलेली सरस्वती, आणि पुढे पुस्तकं: गीता, चंद्रशेखरची इंजिनिअरिंगची हँडबुकं, पोरांची कॅल्क्युलेटरं. त्या सगळ्यांच्या वर सुहासिनीनं आपली वही आणून ठेवली. तेलाचे, हळदीचे डाग पडलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली.

चंद्रशेखर सोवळं नेसून पूजेला बसणार तोच हळूच म्हणाले, "ते पान... मला जरा दे ना. वाचतो."

"आता ते पूजेत आहे," ती म्हणाली. "आज वाचायचं नसतं. उद्या मागा हात जोडून."

पूजा झाली. निरांजन लागलं, गिरीशकाकांनी झांजा घेतल्या, सगळे आरतीला उभे राहिले. कांचनकाकूंनी इकडेतिकडे बघितलं. "पद्मिनी कुठे गं?"

सुहासिनीनं वर पाहिलं. पद्मिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. आईला बघून तिनं फक्त चार बोटं दाखवली. चार दिवस. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो कुणावर आहे हे सुहासिनीला बरोबर कळलं.

गिरीशकाकांनी पहिला ठोका दिला. सुहासिनीनं हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली.

झांजा थांबल्या. तीस माणसं हात जोडून तशीच उभी राहिली.

"माझी मुलगी खाली येईल. मग आरती होईल."

कांचनकाकू जवळ सरकल्या, आवाज उतरवून म्हणाल्या, "अगं, पण तिला बहुतेक... मग नको ना देवाजवळ."

"पाळी आली आहे तिला," सुहासिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "म्हणूनच थांबायचं. पोहे गार होतील, होऊ देत. ज्यांना घाई आहे त्यांनी निघावं, मी राग मानणार नाही."

कुणी हाललं नाही. एका काकांनी खाकरून छताकडे पाहिलं. चंद्रशेखरच्या हातात निरांजनाचं ताट होतं. ते बायकोकडे बघत राहिले, मग जिन्याकडे वळले.

"ये गं," ते म्हणाले. "आम्ही थांबलोय."

पद्मिनी एकेक पायरी उतरून आली. जीन्स, मोठा स्वेटर, पाय अनवाणी. पाटापाशी येऊन तिनं वही ओळखली आणि आईकडे पाहिलं. सुहासिनीनं हळदकुंकवाचा करंडा तिच्यापुढे धरला.

"विच पेज?" पद्मिनीनं हळूच विचारलं.

"चकलीच्या पुढचं."

पद्मिनीनं वही उघडली, ते पान काढलं, आणि हळदकुंकू वाहिलं.